खुर्द्याचा हिशेब : मराठी शिपायाची पत्रे आणि त्यांतली बोली

मराठी शिपायाने घरी लिहिलेली जुनी पत्रे शोधायला निघाले की एक गोष्ट लवकरच लक्षात येते. लढायांविषयीचे कागद ढिगाने आहेत, पण ते शिपायाचे नाहीत. ते सरदाराचे आहेत, वकिलाचे आहेत, छावणीतल्या कारकुनाचे आहेत. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेला शाळेत शिकवत असताना पटवर्धन घराण्याची दप्तरे चाळली आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढायला घेतले. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा. पुढे १९३०च्या दशकात सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले. या सगळ्यांत छावणीतून घरी आलेली पत्रे भरपूर आहेत. पण ज्याच्या हातात भाला होता, त्याचे पत्र त्यांत क्वचितही सापडत नाही.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. अंबरनाथच्या एका कारखान्यात पाळ्या करत चाळिशीत मोडी शिकलो आणि गेली पंधरा वर्षे सुट्टीच्या दिवशी हे खंड आणि मिळतील ते सुटे कागद वाचतो आहे. शिपायाचे पत्र का सापडत नाही, याचे ‘तो निरक्षर होता’ हे नेहमीचे उत्तर मला अपुरे वाटते. लिहिता न येणारा माणूसही पत्र पाठवतो, तो ते दुसऱ्याकडून लिहवून घेतो. खरे कारण कागद टिकण्याच्या रीतीत आहे. ज्याच्या घरी वतन, त्याच्या घरी दप्तर. इनामाची सनद जपायची म्हणून रुमाल बांधले गेले आणि त्या रुमालांत सनदेच्या आधाराने खुशालीची पत्रेही जगली. ज्याच्याकडे जपण्यासारखा जमिनीचा कागद नव्हता, त्याच्या पत्राला कोणी रुमाल बांधला नाही. ते आढ्याला खोचले गेले, पावसाने ओले झाले, एखाद्या थंडीत चुलीत गेले.

तरीही शिपायाची बोली हरवलेली नाही. ती दोन जागी उरली आहे. एक जागा म्हणजे इतरांनी लिहिलेली पत्रे. दुसरी जागा म्हणजे आपले तोंड.

पहिल्यांदा पत्रांकडे पाहू. मोडीतल्या पत्राला मायना असतो. वडिलांना साष्टांग नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद, मग येथील क्षेम जाणून तुमचे कुशल लिहीत जावे, आणि शेवटी बहुत काय लिहिणे. हा साचा इतका ठरलेला आहे की त्यातून माणूस दिसत नाही. पण मायना संपून ‘विशेष’ सुरू झाले की कारकुनाची लेखणी सैल होते. दाणा महाग झाला, रोजमुरा थकला, घोडी मेली, कोणाला ताप आला, असे लिहिताना त्याच्याजवळ दरबारी शब्द नसतात. तंबूत जे कानावर पडते तेच कागदावर उतरते. शिपाई त्या पत्राचा लेखक नाही, पण त्याचे शब्द तिथे आहेत.

हे पत्र खाजगीही नसे. कारकून ते लिही, जासूद पोचवी आणि गावात कोणीतरी वाचता येणारा ते चारचौघांत मोठ्याने वाची. बायकोपर्यंत पोचायच्या आधी ते तीन परक्या माणसांना कळलेले असे. म्हणून काही गोष्टी आडून बोलाव्या लागत. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेले सावकारी पत्र सर्वांना ठाऊक आहे. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही त्यात दोन मोती झाली, मोठी माणसे सत्तावीस मोहरा झाली आणि उरलेल्या चांदी-तांब्याची गणतीच लागत नाही, अशा अर्थाचा तो मजकूर होता. शाळेत हे आपल्याला चातुर्याचा नमुना म्हणून शिकवतात. मला त्यात चातुर्यापेक्षा हिशेबाची पद्धत जास्त दिसते. सांकेतिक भाषेतसुद्धा दर्जा सुटलेला नाही. मोती मोजले, मोहरा मोजल्या, आणि हजारोंनी मेलेले साधे शिपाई सुट्या नाण्यांत गेले. ‘खुर्दा’ म्हणजे मोड. एखाद्या पक्षाचा निवडणुकीत ‘खुर्दा उडाला’ असे आपण आज सहज लिहितो, तेव्हा तोच हिशेब नकळत पुढे चालवतो.

असे आडून बोलणे केवळ मराठ्यांचे नव्हे. पहिल्या महायुद्धात, १९१४-१५ मध्ये, फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रे सरकारी तपासनीस उघडून वाचत. तेव्हा शिपाई घरी काळ्या मिरीविषयी आणि लाल मिरीविषयी लिहू लागले. काळी मिरी म्हणजे हिंदी फौज, लाल म्हणजे गोरी. काळी संपत आली आहे, असा निरोप गावात पोचला की काय समजायचे ते समजे. पानिपताचे पत्र लिहिणारा सावकार होता, म्हणून त्याला मोती आणि मोहरा सुचल्या. हे शिपाई शेतकऱ्याघरचे होते, त्यांना मसाल्याचा डबा सुचला. पण मिरीच्या संकेतात लहानमोठा दाणा नव्हता. तिथे सगळे सारखेच दळले जात होते.

आता दुसऱ्या जागेकडे, म्हणजे आपल्या रोजच्या बोलण्याकडे वळू.

‘गर्दी’ हा शब्द घ्या. बदलापूर-अंबरनाथच्या माणसाइतका तो कोणी वापरत नसेल. मूळ फारसी ‘गर्द’ म्हणजे धूळ. जुन्या कागदांत ‘गर्दी झाली’ म्हणजे माणसे जमली असे नव्हे. दंगल झाली, कत्तल झाली, सैन्य धुळीला मिळाले, असा त्याचा अर्थ. ‘गर्दीस मिळणे’ म्हणजे नष्ट होणे. पानिपताची ‘भाऊगर्दी’ ती हीच. पुढे पेंढाऱ्यांनी गावे लुटली ती ‘पेंढारगर्दी’. ‘गारदी’ हा शब्द कानाला जवळचा वाटतो, पण तो वेगळ्या घरचा आहे. कवायती पायदळासाठीच्या फ्रेंच ‘गार्द’पासून तो आला. कत्तलीचा शब्द हळूहळू माणसांच्या दाटीचा झाला. ‘भाऊगर्दी’ तर आता लग्नातल्या पाहुण्यांनाही लावतात.

‘बुणगे’ या शब्दाची गोष्ट याहून कडवट आहे. फौजेच्या मागे चालणारा जो न लढणारा जमाव, त्याला बुणगे म्हणत. त्यात बायका होत्या, मुले होती, वाणी, पाणके, घसारे, मोतद्दार, यात्रेकरू, धान्याचे बैल हाकणारे लमाण असे सगळे होते. लढाई जवळ आली की बुणगे मागे ठेवून सडे व्हायचे, अशी भाषा पत्रांतून येते. त्या शब्दात ओझ्याची भावना आहे. प्रत्यक्षात हे ओझे नसते तर फौजेला दाणा-वैरण मिळाली नसती आणि जखमींच्या तोंडात पाणी पडले नसते. पण पत्र लिहवून घेणारा घोड्यावर होता. त्याच्या नजरेतून हा शब्द कागदावर आला आणि कागदावरून आपल्याकडे. आज ‘बाजारबुणगे’ ही शिवी आहे. व्यासपीठावरून ती एकमेकांना देणाऱ्यांना आपण पाणक्यांच्या आणि घसाऱ्यांच्या नावाने शिवी देतो आहोत, हे माहीत नसते.

घोड्यावरच्यांतही दोन प्रकार होते. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, बारगिराचा घोडा सरकारचा किंवा सरदाराचा. शिलेदाराला मोहिमेआधी आगाऊ रक्कम मिळे, तिला ‘नालबंदी’ म्हणत. घोडा हे त्याचे भांडवल, त्याची शेती आणि त्याची इज्जत. घोडा मेला की शिलेदार एका दिवसात बारगीर होई, नाहीतर पायउतार होऊन घरी परते. ‘मी तुझं काय घोडं मारलं?’ या वाक्याचे वजन इथे कळते. मी तुझे असे काय नुकसान केले की तू जन्माचा वैरी झालास, असा तो प्रश्न आहे. इंग्रजांनी हीच पद्धत उचलली. १८१७ मध्ये उभ्या केलेल्या पुण्याच्या घोडदळात शिलेदारी होती आणि ‘सिल्लेदार’ हा शब्द इंग्रजी लष्करी कागदांत पहिल्या महायुद्धापर्यंत टिकला. बदलापूर हे घोडी बदलायचे ठाणे होते म्हणून त्याचे नाव बदलापूर, असे आमच्याकडे लोक सांगतात. व्युत्पत्ती म्हणून मी त्यावर भार देणार नाही. पण गावाच्या नावाचा अर्थ लावताना लोकांना घोडाच आठवला, यातही जुन्या काळाची काही खूण आहे.

‘मोर्चा’ आणि ‘धरणे’ हे आजच्या आंदोलनाचे दोन शब्द छावणीत एकमेकांचे शेजारी होते. मोर्चा म्हणजे किल्ल्यासमोर तोफा लावून धरलेली जागा. १७९०-९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला कित्येक महिने वेढा दिला तेव्हा असेच मोर्चे लावले होते. कॅप्टन लिटलची मुंबईची तुकडी भाऊंच्या मदतीला होती. त्या तुकडीतल्या एडवर्ड मूर या तरुण अधिकाऱ्याने त्या मोहिमेवर १७९४ मध्ये इंग्रजीत पुस्तक छापले. एका वेढ्याची हकीकत एकीकडे मोडीत घरी जात होती आणि दुसरीकडे लंडनच्या छापखान्यात. तो मोर्चा जागचा हलत नसे. आपला मोर्चा चालत जातो. ‘धरणे’ ही तर धनकोची जुनी रीत. ती शिपायांनी उचलली आणि पगार थकला की ते सरदाराच्या डेऱ्यापुढे बसू लागले. बाहेर येऊ द्यायचे नाही, जेवू द्यायचे नाही. शत्रूसाठी मोर्चा आणि धन्यासाठी धरणे, असे हे कामाचे वाटप होते.

काही शब्द देवळात गेले. ‘छबिना’ म्हणजे छावणीभोवतीचा रात्रीचा पहारा. आता तो जत्रेत देवाच्या पालखीची रात्रीची मिरवणूक आहे. काही शब्द मैदानावर आले. फौजेची पहिली फळी ती ‘बिनी’, तिच्यावरून विसाजीपंत बिनीवाले. आता क्रिकेटमध्ये बिनीची जोडी उतरते.

हे शब्द आपल्यापर्यंत येण्यात एका शिपायाचा मोठा हात आहे, आणि तो मराठी नव्हता. जेम्स मोल्सवर्थ हा कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. १८५७ मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्याला मदत करणारे कँडी बंधूही फौजेतलेच. त्याने पोथीतल्या शब्दांबरोबर बाजारातले, शेतातले आणि छावणीतलेही शब्द घेतले. गर्दी, बुणगे, नालबंदी, बिनी हे सगळे त्यात जुन्या अर्थांसह बसले आहेत. ज्या राज्याची ती बोली होती ते राज्य १८१८ मध्ये बुडाले आणि पुढच्या काही वर्षांतच तिची नोंद झाली, तीही ते बुडवणाऱ्या फौजेतल्या माणसाकडून. पहारा उठण्याआधी कोणीतरी हजेरी घ्यावी, तसे हे झाले.

कंपनीच्या फौजेत मराठी शिपायाची बोली बदलली. ‘पलटण’ आली, ‘कवायत’ आली, लेफ्टनंटाचा ‘लपटन’ झाला, जनरलचा ‘जर्नेल’, ऑर्डर्लीचा ‘अर्दली’. पोर्तुगीज ‘कार्तुश’चे ‘काडतूस’ आधीच झाले होते. रात्री पहारेकरी इंग्रजीत ‘हू कम्स देअर’ असे विचारी, त्याचे ‘हुकुमदार’ झाले. या शब्दाला अर्थही आपोआप आला. अंधारात जो विचारतो तो हुकमाचाच माणूस असणार!

पण बोलीपेक्षा मोठा बदल पगारात होता. कंपनीच्या पायदळातल्या शिपायाला महिना सात रुपये मिळत. एकोणिसाव्या शतकाचा बहुतेक काळ हाच आकडा होता, १८९५ मध्ये तो नऊ झाला. रक्कम फार नव्हती, पण ती ठरल्या वेळी मिळे आणि नोकरी संपल्यावर पेन्शन होते. ज्या छावणीत धरणे हा पगार मागण्याचा मार्ग होता, तिथून आलेल्याला हे केवढे वाटले असेल! ‘पेन्शनीत निघणे’ हा वाक्प्रचार इथला. आज आपण तो निकामी माणसासाठी थट्टेने वापरतो. तेव्हा तो गावात उभ्या राहिलेल्या कौलारू घराचा शब्द होता.

टपालही बदलले. १८५४ मध्ये देशभर अर्ध्या आण्यात पाव तोळ्याचे पत्र जाऊ लागले. त्याच वर्षी आगगाडी कल्याणला पोचली आणि १८५६ मध्ये अंबरनाथ-बदलापूरवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली. जासुदाची जागा टपालाने घेतली. १८८० मध्ये पोस्टाची मनिऑर्डर आली आणि कोकणातल्या कित्येक घरांना मुलाची खबर पैशांबरोबरच येऊ लागली. मनिऑर्डर आली म्हणजे तो जिवंत आहे. पुढच्या महिन्यात आली नाही तर दारात बसायचे. शिपायाच्या घरचे सर्वांत नेमाने येणारे पत्र ते हेच, आणि त्यात बोलीला जागा दोन ओळींचीही नव्हती.

तांब्याच्या नाण्यांची गणती मात्र या शतकात एका ठिकाणी झाली, ती कागदावर नव्हे तर दगडावर. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ रोजी लढाई झाली आणि १८२१ मध्ये तिथल्या स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांत २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे, म्हणजे ती महार शिपायांची आहेत. स्तंभ कंपनीने आपल्या विजयासाठी उभारला यात शंका नाही. पण पानिपताच्या पत्रात जे खुर्दा म्हणून गेले, तसल्या माणसांची नावे इथे एकेक करून लिहिली गेली. त्या दगडाचे मोल पुढे कोणाला आणि का वाटले, हे त्या पत्राशेजारी ठेवून पाहिले की सहज कळते.

या शतकाच्या शेवटी एका मराठी शिपायाचे लेखन अखेर हाती लागते. गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. १८८६ मध्ये ते फौजेतून निवृत्त झाले आणि दापोलीला लष्करी पेन्शनरांच्या वस्तीत राहिले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले, त्यात सवर्णांना २६ प्रश्न विचारले. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने महारांची फौजेतली भरती बंद केली तेव्हा १८९४ मध्ये त्यांनी सरसेनापतीसाठी अर्ज तयार केला. हे घरी लिहिलेले पत्र नव्हे. पण शिपायाच्या पत्रात नेहमी जे असते, पगाराची, पोटाची आणि मानाची काळजी, तेच त्यात आहे. फरक एवढाच की आता मधे कारकून नाही. लेखणी शिपायाच्या स्वतःच्या हातात आहे आणि त्याला आडून बोलायचे नाही. फौजेतल्या शाळांनी हा फरक केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच फौजी शाळेत मुख्याध्यापक होते. सात रुपयांपेक्षा आणि पेन्शनपेक्षा हे अक्षर पुढच्या पिढीला जास्त कामी आले.

दापोलीला आजही ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. हा शब्द मराठीत दोनदा आला. पोर्तुगीज ‘कांपो’वरून आलेला ‘कंपू’ महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणींचे नाव झाला. आता त्याचा अर्थ कारस्थान करणाऱ्यांची टोळी असा उरला आहे. दुसऱ्यांदा तो इंग्रजीतून ‘कॅम्प’ होऊन आला आणि आमच्या शेजारीच उतरला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभी राहिली. युद्ध संपले, बराकी रिकाम्या झाल्या आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांना त्या राहायला मिळाल्या. ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकी पाडून इमारती झाल्या, तरी लोक पत्ता सांगताना कॅम्प नंबर आणि बराक नंबर सांगतात. ज्यांनी कधी बंदूक हाती धरली नाही अशा लाखो माणसांच्या पत्रांवर सत्तर-पंचाहत्तर वर्षे शिपायाचा पत्ता आहे.

म्हणून मला वाटते, शिपायाची बोली ही मराठीतली फुटकळ गंमत नाही. कागद वतनदारांच्या वाट्याला गेले, शब्द सर्वांच्या वाट्याला आले. इतिहासात ज्याची गणती खुर्दा म्हणून झाली, त्याचा वारसा मोजायचा तर हे शब्दच हाती घ्यावे लागतात. त्यांवर कोणाचे नाव नाही, पण कोणाचा तरी थकलेला रोजमुरा आहे, कोणाचा मेलेला घोडा आहे, मागे राहिलेली बायकामुले आहेत.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घराण्यात कोणी पलटणीत असेल आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत त्याचे एखादे पत्र, पेन्शनचे पुस्तक, मनिऑर्डरचा कागद असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तो रद्दीत टाकू नका. मोडीत असेल तर वाचून देणारी माणसे अजून आहेत, मीही त्यांतला एक आहे. सरदारांच्या दप्तरांना रुमाल बांधायला खरेशास्त्री भेटले. या पेट्या उघडायचे काम आपल्यालाच करायचे आहे.